साडेबारा टक्क्यांच्या जमिनीवरची पंचवीस वर्षं

स्मरणिका समितीने मला ‘आपल्या सोसायटीचा इतिहास’ लिहायला सांगितलं, तेव्हा तो २००० सालापासून, म्हणजे नोंदणीपासून सुरू होईल असंच सगळ्यांना वाटत होतं. पहिली कार्यकारिणी, टँकरचे दिवस, गच्चीची गळती, लिफ्टवरून झालेली भांडणं, पार्किंगमधला पहिला गणपती. ते सगळं या अंकात इतर मंडळींनी माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंय, त्यामुळे मी त्यात हात घालत नाही. पहिल्या सभेचं इतिवृत्त शोधायला मी कार्यालयातली जुनी फाईल काढली, तेव्हा हाताला आधी लागला तो सिडकोबरोबरचा साठ वर्षांचा भाडेपट्टा आणि त्याला जोडलेला त्रिपक्षीय करारनामा. तीन पक्ष म्हणजे सिडको, बिल्डर आणि एक शेतकरी कुटुंब. कुटुंबातल्या अकरा जणांची नावं आहेत. चार बायकांनी सहीच्या जागी अंगठा दिलाय. नावं इथे देत नाही, कारण त्यांना विचारलेलं नाही. पण आपल्या सोसायटीचा इतिहास तिथून सुरू होतो असं मला वाटतं, आणि समितीनेही त्याला हरकत घेतली नाही.

‘साडेबारा टक्क्यांचा प्लॉट’ हे शब्द आपण सगळ्यांनी घर घेताना ब्रोकरच्या तोंडून ऐकले. सिडकोने स्वतः बांधलेली घरं वेगळी, निविदेतून विकलेले प्लॉट वेगळे आणि साडेबारा टक्क्यांचे वेगळे, एवढं कळलं की कर्जाचे कागद पुढे सरकायचे. हे साडेबारा टक्के कशाचे, असं तेव्हा कुणी विचारलं नाही. ब्रोकरला तरी माहीत होतं की नाही कुणास ठाऊक.

आता थोडं मागे जाऊ. मुंबई बेटावर माणसं मावेनाशी झाली, शहर उत्तरेलाच लांबत चाललं, तेव्हा १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ या नियतकालिकात एक कल्पना मांडली. खाडीच्या पलीकडे, पूर्वेला, दुसरं शहर वसवावं. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातल्या ९५ गावांची जमीन संपादनात आली. सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा हा पट्टा. सरकारने एकदम मोठा पैसा ओतून शहर बांधायचं नव्हतं. शेतजमीन स्वस्तात घ्यायची, रस्ते-गटारं-पाणी करायचं, विकसित जमीन विकायची आणि त्याच पैशातून पुढचा रस्ता बांधायचा, अशी ही योजना होती. हुशार योजना, यात शंका नाही. वाशीचा खाडीपूल १९७३ साली झाला. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. लोकल १९९२ मध्ये वाशीला आली, १९९८ मध्ये पनवेलला पोचली. तुम्ही-आम्ही इथे आहोत ते या चाकामुळे. मी तळोजा एमआयडीसीत नोकरीला लागलो, तीही याच चाकाची एक आरी.

पण ज्यांची जमीन गेली त्यांच्याकडे ती मुळात किती दिवस होती, हे बघितलं की चित्र बदलतं. या भागातली भातशेती, खार जमिनी आणि मिठागरं पिढ्यान्‌पिढ्या आगरी आणि कोळी कष्टकऱ्यांनी राखली, पण मालकी बहुतेक वेळा खोताची किंवा सावकाराची. याच जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ पासून सहा वर्षं शेतीच केली नाही. सहा वर्षं! आपल्याला सहा दिवस पाणी आलं नाही तर काय होतं आठवा. खोती पुढे कायद्याने गेली आणि १ एप्रिल १९५७ या ‘कृषकदिनी’ कसणारी कुळं कागदोपत्री मालक झाली. म्हणजे सातबाऱ्यावर स्वतःचं नाव चढलं आणि तेरा वर्षांत संपादनाची नोटीस आली. आजोबा कूळ होते, बाप मालक झाला आणि मुलगा ‘प्रकल्पग्रस्त’. एका घरात तीन पिढ्यांना तीन वेगळी नावं.

मी मूळचा परभणी जिल्ह्यातल्या झरीचा. परभणीहून जिंतूरकडे जाताना रस्त्यावरच लागतं ते आमचं गाव. काळी जमीन, कापूस, ज्वारी, आता सोयाबीन. आमच्याकडे निजामाचं राज्य, त्यामुळे कुळकायदा वेगळा, १९५० चा हैदराबादचा. पण जमीन नावावर असणं म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. शाळेत असताना सहल जायची ती जिंतूरच्या पुढे, पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणावर. धरण १९६८ साली पुरं झालं. साडेबावीस मेगावॅटचं वीजघर बघायला आम्ही रांगेने जायचो, गुरुजी आकडे सांगायचे आणि आम्ही वहीत उतरवून घ्यायचो. पाण्याखाली गेलेल्या गावांचा आकडा त्या वहीत नव्हता. गुरुजींचा दोष नाही, त्या काळात तो आकडा कुठल्याच सहलीत सांगत नसत.

इथे मात्र तो सांगावा लागला, कारण इथल्या लोकांनी सांगायला लावला. पनवेलचे दि. बा. पाटील, शेतकरी कामगार पक्षाचे. वकील, आमदार, पुढे खासदार, विधानसभेत विरोधी पक्षनेतेही. जन्म जासईचा, १३ जानेवारी १९२६. त्यांच्या नेतृत्वाखालच्या लढ्याची मागणी नीट वाचली की एक गोष्ट लक्षात येते, आणि माझ्या मते हीच या सगळ्या इतिहासातली मुख्य गोष्ट आहे. शहर नको, असं हे लोक म्हणत नव्हते. शहर करा, पण योग्य भाव द्या आणि जे उभं राहील त्यात आमचा वाटा ठेवा, असं ते म्हणत होते. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई आणि आसपासच्या परिसरात आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच माणसं गेली. दरवर्षी जानेवारीत तिथे हुतात्म्यांना अभिवादन होतं. आपल्या बिल्डिंगमधून त्या दिवशी जेएनपीटी रोडला अडकलेली मंडळी व्हॉट्सॲपवर विचारतात, आज ट्रॅफिक कसला? तर तो ट्रॅफिक त्याचा असतो.

या लढ्यानंतर १९९० साली आणि पुढे १९९४ साली सरकारी निर्णय झाले आणि साडेबारा टक्क्यांची योजना आली. संपादित झालेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ शेतकऱ्याला परत. पूर्वी गेलेल्या जमिनींनाही ती लागू झाली.

हिशेब करून बघा. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. त्याचे साडेबारा टक्के पाच गुंठे. त्यातले तीस टक्के सामाजिक सुविधांसाठी वजा. उरले साडेतीन गुंठे. आपल्या सोसायटीचा प्लॉट १०६० चौरस मीटर, म्हणजे साडेदहा गुंठे. उलटा गुणाकार केला तर तीन एकर. आपली चोवीस घरं आणि खालची चार दुकानं साडेदहा गुंठ्यांवर उभी आहेत, पण त्या साडेदहा गुंठ्यांच्या मागे कुणाचं तरी तीन एकर शेत आहे. ते शेत इथेच होतं असंही नाही. प्लॉट मिळाला तो नोडमध्ये जिथे निघाला तिथे. त्यांच्या भाताच्या खाचरावर आज कदाचित एखादी शाळा असेल, किंवा रस्ता.

प्लॉट अकरा वारसांच्या नावावर. साडेदहा गुंठ्यांचे अकरा तुकडे करून घर कोण बांधणार? पैसा तर जवळ नाही. म्हणून बिल्डरशी करार. काही कुटुंबांनी फ्लॅट घेतले, काहींनी रोख रक्कम. रोख घेतलेल्यांची गोष्ट बऱ्याच ठिकाणी एकसारखी आहे. गाडी, लग्न, बंगल्याचा स्लॅब, आणि मग खालच्या मजल्यावर भाडेकरू. यावरून नाकं मुरडणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत. मला ते पटत नाही. झरीत कुणाला एकरकमी एवढा पैसा मिळाला असता तर त्याने वेगळं काय केलं असतं? शेती सोडून दुसरं काही करण्याचं शिक्षण कुणी दिलं नाही, आणि शेती उरली नाही. नोकरीचं आश्वासन सगळ्यांना मिळालं, नोकरी थोड्यांना.

आता खरा मुद्दा. जमिनीचा वाटा लढून मिळाला, पण एक गोष्ट ना योजनेत नीट आली, ना साडेबारा टक्क्यांत. ती म्हणजे गाव स्वतः.

नकाशावर गावठाणाची हद्द आखली गेली आणि त्या रेषेच्या काठापर्यंत शेतं संपादित झाली. मला गावठाण म्हणजे काय ते माहीत आहे. झरीला आमचं घर गल्लीत. समोर चुलत्याचं, मागे आत्याचं, कोपऱ्यावर पार. मुलाचं लग्न ठरलं की मागच्या पांढरीत दोन खोल्या निघतात, गाव हाताभर सरकतं. गावं अशीच वाढतात, कुणी आराखडा काढत नाही. इथे १९७० साली गावाच्या चारी बाजूंनी रेषा पक्की झाली. त्यानंतर जन्मलेल्या मुलांची लग्नं झाली, त्यांची मुलं झाली. गावाने आडवं कुठे वाढायचं? मग ते उभं वाढलं, आणि रेषेच्या थोडं बाहेरही सांडलं. याच घरांना ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात. सरकारी भाषेत अनधिकृत, घरच्या भाषेत थोरल्याची खोली.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर लेख एकांगी होईल. गरजेच्या नावाखाली काही ठिकाणी चार-चार, पाच-पाच मजले चढवून फ्लॅट विकले गेले. घेणारे बहुतेक आपल्यासारखेच, गावाकडून आलेले, स्वस्त घर शोधणारे. दिघ्याला ९९ बेकायदा इमारतींचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि २०१५ मध्ये पाडकाम सुरू झालं तेव्हा रस्त्यावर आलेली कुटुंबं टीव्हीवर सगळ्यांनी पाहिली. ती जमीन मुख्यतः एमआयडीसीची होती, गावठाणाचा प्रश्न थोडा वेगळा, पण टीव्हीसमोर बसलेल्याला दोन्ही सारखेच दिसतात. त्यामुळे गरजेपोटी घर बांधणारा आणि धंद्यासाठी बांधणारा एकाच काठीने मोजला जातो. घरं नियमित करण्याचे सरकारी निर्णय झाले, २०२२ मध्ये आणि त्यानंतरही. हद्द, अंतर, क्षेत्रफळ, दर यांवरून वाद अजून चालूच आहेत. पन्नास वर्षांपूर्वी गावाभोवती थोडी मोकळी जागा राखली असती तर या फायली निघाल्याच नसत्या, असं मला वाटतं. जगातला सगळ्यात चांगला आराखडासुद्धा माणसांना मुलं होतात हे विसरला तर असंच व्हायचं.

आपल्या परिसरात हे रोज दिसतं. खारघर, बेलपाडा, मुर्बी, कोपरा, ओवे ही नावं आपण बसच्या पाटीवर आणि रिक्षावाल्याला सांगताना घेतो. ती आधी गावं होती, आणि आत शिरलं तर अजून आहेत. होळीची जागा आहे, पालखीचा रस्ता ठरलेला आहे, दारात जाळं वाळत घातलेलं दिसतं. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महानगरपालिका झाली आणि ग्रामपंचायती संपल्या. मालमत्ता कराचं बिल आलं तेव्हा आपण सोसायटीवाले चिडलो, सभा घेतल्या, ‘सिडकोचे सेवाशुल्क भरतो, मग हे काय?’ असं विचारलं. गावातल्या लोकांनीही जवळपास तेच विचारलं. पंचवीस वर्षांत गाव आणि नोड एकाच गोष्टीवर चिडलेले मी पहिल्यांदा पाहिले.

विमानतळाचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना ताजं आहे. ११६० हेक्टरचा प्रकल्प. उलवे, तरघर, कोंबडभुजे, कोपर, चिंचपाडा, वाघिवली अशा दहा वस्त्या उठल्या. उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला. इथे मात्र पॅकेज आधीपेक्षा बरं होतं, साडेबारा नाही तर साडेबावीस टक्के विकसित जमीन, आणि घरांसाठी वेगळे भूखंड. जासईत जे रक्त सांडलं त्याचाच हा पुढचा हप्ता म्हणायला हरकत नाही. २०२१ साली विमानतळाला दि. बां. चं नाव द्यावं म्हणून मानवी साखळी झाली, बेलापूरच्या सिडको भवनावर मोठा मोर्चा गेला. आपल्यातले काही तेव्हा म्हणाले, नावाने काय होतं? २०२२ मध्ये राज्याने तसा ठराव केला. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं आणि त्याच वर्षी नाताळाच्या दिवशी पहिली विमानं उडाली. विमानतळ हवा होता का? हवा होता. माझा मुलगा बंगळुरूला असतो, मला तर हवाच होता. पण वरच्या खिडकीतून धावपट्टी बघताना खाली दहा होळीच्या जागा होत्या हे माहीत असलेलं बरं.

हे सगळं मी आता का उकरून काढतोय? कारण गेलं वर्षभर झरीहून मला फोन येतायत. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला. त्याला जोडणारा जालना-नांदेड द्रुतगती मार्ग, सुमारे १८० किलोमीटरचा, परभणी जिल्ह्यातून जातोय. शिवाय पवनार ते पत्रादेवी असा ८०२ किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग, त्याच्याही आखणीत परभणी जिल्हा आहे. कोल्हापूरकडच्या विरोधाच्या बातम्या मोठ्या येतात, पण विरोध आमच्या जिल्ह्यातही आहे. ‘जगात जर्मनी अन् भारतात परभणी’ म्हणणाऱ्या आम्हा लोकांना रस्त्याचं वावडं नाही. परभणी-जिंतूर रस्त्याच्या खड्ड्यांतून ज्याने बाळंतीण नेलीय तो रस्त्याला नाही म्हणणार नाही. प्रश्न वेगळाच असतो.

चुलतभावाच्या सासुरवाडीकडची जमीन आखणीत येते म्हणतात. त्याचा फोन आला, “दादा, मोजणीवाले येऊ लालेत. तुमच्याकडं ते साडेबारा टक्के कसं काय भेटलं? इथं कुणालाच माहीत नाही. नुसते पैसे देतो म्हणायलेत.”

मी त्याला सांगितलं की साडेबारा टक्के शहरासाठी घेतलेल्या जमिनीला मिळाले. शहर उभं राहतं, जमिनीचा भाव वाढतो, म्हणून वाटा देता येतो. नुसत्या रस्त्यात कशाचा वाटा मागायचा? डांबराचा? पण रस्त्याच्या कडेला पुढे जे येणार असेल, गोदामं, पेट्रोलपंप, नवं नगर, त्यात वाटा आत्ताच मागून ठेवा. नंतर मागायला गेलं की कागद बंद झालेले असतात. पैशांबद्दल एवढंच की भाव आजच्या नोंदणीचा बघू नका, शेजारच्या गावात काय मिळाला तो बघा, आणि सगळे मिळून बोला, एकेकटे नको.

मग मी त्याला विचारलं, गावठाण कुठवर आहे ते कागदावर आहे का? तो म्हणाला, “ते कशाला? जमीन तर शिवारातली जायलीय, गाव कुठं जायलंय?” हेच १९७० साली इथेही वाटलं असणार. रस्ता गावाजवळून गेला की दोन्ही बाजूंच्या जमिनी विकल्या जातात, आणि गाव मधे सापडतं. म्हणून त्याला म्हटलं, स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी झाली असेल तर सनद काढून घे, नकाशा घे, आणि ग्रामसभेत ठराव घाल की गावाच्या वाढीला एवढी जमीन सोडा, रस्त्याच्या खालून बैलगाडी आणि ट्रॅक्टर जाईल एवढा मार्ग सोडा. शेत रस्त्याच्या पलीकडे आणि घर अलीकडे झालं तर रोज किती किलोमीटर वळसा पडेल ते आधी मोज. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, हे त्याच्या सासऱ्याला समजावून सांगायला मीच यावं. दिवाळीत जाणार आहे.

आणि आता आपलं. गेल्या सर्वसाधारण सभेत एक निवेदन वाचलं गेलं हे सगळ्यांना आठवत असेल. आपल्या सेक्टरला लागून असलेल्या गावठाणातून जाणारी गल्ली रुंद करावी, म्हणजे स्टेशन रोडला जायचा वळसा वाचेल. परिसरातल्या काही सोसायट्यांनी सह्या केल्यात, आपली सही बाकी आहे. सभेत आवाज चढले. दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या एका सभासदाच्या आईला छातीत दुखू लागलं तेव्हा रुग्णवाहिका मोठ्या रस्त्याने फिरून आली, त्या वीस मिनिटांत काय वाटतं ते त्यांनी उभं राहून सांगितलं. माऊली वाचल्या, पण ते बोलत होते तेव्हा सभागृहात पंखा ऐकू येत होता. त्यांची मागणी खोटी आहे असं मी कधी म्हणणार नाही.

पण निवेदनाला जोडलेला नकाशा मी घेऊन गावात गेलो. रुंदीकरणाच्या रेषेत चौदा घरं येतात. काहींचे ओटे, काहींची आख्खी पुढची खोली. देवळाचा कट्टा येतो आणि होळीच्या मोकळ्या जागेचा अर्धा भाग. एका ओट्यावर एक आजोबा बसले होते, ऐंशीच्या पुढचे. नकाशा त्यांनी उलटा धरला, मग सुलटा केला, आणि बोट ठेवून म्हणाले, “बाबा, शेत दिला. मिठागर दिला. आता वटा पण द्यायचा?” रागाने नाही, खरंच विचारत असल्यासारखं. त्यांच्या नातवाने, तो आपल्याच चौकात मोबाईलचं दुकान चालवतो, मला गल्लीच्या मागे नेलं. तिथे नाल्याच्या कडेने एक आरक्षित पट्टी मोकळी आहे, भंगारच्या गाड्या उभ्या असतात. तिथून रस्ता काढला तर घरं वाचतात. अंतर थोडं वाढतं, नाल्यावर एक छोटा पूल लागतो, म्हणजे खर्चही वाढतो. गावाची त्याला ना नाही. उलट त्यांनाही रुग्णवाहिका लागतेच की, म्हातारी माणसं काय फक्त आपल्याच बिल्डिंगमध्ये आहेत?

मी कार्यकारिणीपुढे हे मांडलं. माझं मत स्पष्ट आहे. आपण सही करायची तर नाल्याकडच्या रस्त्याच्या निवेदनावर करावी, आणि ते निवेदन गावाबरोबर मिळून लिहावं. काही सभासदांना हे पटलेलं नाही. पुलाला पाच वर्षं लागतील, गल्ली सहा महिन्यांत होईल, असं त्यांचं म्हणणं आहे आणि ते चुकीचं आहे असंही नाही. सरकारी पूल किती दिवसांत होतो हे मी पंचवीस वर्षं बघतोय. तोवर काय, हा प्रश्न राहतोच. त्यावर गावातल्या पोरांनीच एक तोड सुचवली. गल्लीतली दुचाकींची पार्किंग एका बाजूला करायची, रुग्णवाहिका आली तर मधे कुणी गाडी लावायची नाही, यासाठी गावातले दोघे आणि आपल्यातले दोघे असा गट करायचा. त्यांच्या मापाने गल्ली सगळ्यात अरुंद जागी अकरा फूट आहे. आपल्या सभासदांचं म्हणणं, नऊ फूटसुद्धा नसेल.

रौप्यमहोत्सवी सोहळ्यानंतरच्या रविवारी सकाळी आठ वाजता दोन्हीकडची मंडळी टेप घेऊन गल्लीच्या तोंडाशी जमणार आहेत. ज्यांना यायचं त्यांनी चिटणीसांकडे नाव द्यावं. चहा गावाकडून आहे.